समुद्रकाठच्या जमिनीचे परवाने व त्यांची अंमलबजावणी

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांचा समुद्राशी संबंध यात्रेपुरता किंवा मुलाबाळांच्या हौसेपुरताच येतो. तेव्हा समुद्रकाठच्या जमिनीच्या कायद्याची चर्चा अमरावती-अकोल्याच्या कास्तकारांपुढे कशासाठी, असा प्रश्न कोणाच्याही मनात सहज उद्भवेल. आमच्याजवळ त्यास दोन उत्तरे आहेत. पहिले असे की, कोकणात आंब्याची वाडी किंवा घरापुरती जागा घेण्याचा विचार करणारे सधन कास्तकार आता आपल्याकडे अगदीच विरळ राहिलेले नाहीत. आणि वऱ्हाडातील व्यवहाराच्या अनुभवावर विसंबून जो तेथे पैसा घालील त्याची फसगत होण्याचा संभव फार. दुसरे उत्तर अधिक जवळचे आहे. जमिनीचा उपयोग कसा करावा हे ठरविणारा कायदा एकाने करावा, परवाना दुसऱ्याने द्यावा आणि तो मोडला तर हातोडा तिसऱ्याने उचलावा, ही जी व्यवस्था किनाऱ्यावर गेली तीस-पस्तीस वर्षे चालू आहे, तीच आपल्या पूर्णा-मोर्णेच्या काठीही निराळ्या नावाने लागू आहे. तेथे काय बिघडले हे समजून घेतले तर येथे काय जपावे हे कळेल.

प्रथम कायद्याची हकीकत थोडक्यात सांगतो. १९८१ च्या नोव्हेंबरात त्या वेळच्या पंतप्रधान श्रीमती इंदिरा गांधी यांनी समुद्रकाठच्या प्रांतांच्या मुख्यमंत्र्यांस पत्र पाठवून, भरतीच्या पाण्यापासून ५०० मीटरपर्यंतची पुळण इमारतींपासून मोकळी ठेवावी असे कळविले. पत्र हे पत्रच. त्यास कायद्याचे बळ नव्हते. पुढे भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षणाचा कायदा झाला आणि त्या कायद्याच्या आधाराने १९ फेब्रुवारी १९९१ रोजी केंद्र सरकारने किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना काढली. ती २०११ च्या जानेवारीत बदलली व पुन्हा १८ जानेवारी २०१९ रोजी बदलली.

या अधिसूचनेचा सारा डोलारा एका रेषेवर उभा आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी जमिनीवर जेथवर पोहोचते ती भरतीची रेषा. समुद्राच्या समोर तिच्यापासून आत ५०० मीटरपर्यंतची जमीन नियमनाखाली येते. कांदळवने, वाळूच्या टेकड्या, कासवांच्या विणीच्या जागा यांचा पहिला वर्ग. तेथे जवळजवळ सर्वच बांधकामास मनाई. शहरातील भरवस्तीचा दुसरा. खेड्यापाड्यांतील, म्हणजे शेतकऱ्यांच्या व कोळ्यांच्या जमिनीचा तिसरा. प्रत्यक्ष पाण्याचा चौथा. तिसऱ्या वर्गात भरतीच्या रेषेपासून पहिले २०० मीटर हे बांधकामास बंद, असा १९९१ चा नियम होता. २०१९ साली त्यात फरक झाला. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे ज्या गावांत दर चौरस किलोमीटरास २,१६१ हून अधिक वस्ती आहे, तेथे ही बंदी ५० मीटरांवर आणली. विरळ वस्तीच्या गावांत ती २०० मीटरच राहिली.

खाड्यांचे व नद्यांच्या मुखांचे काय, असा प्रश्न येतो. भरतीचे पाणी नदीतून किती आत शिरते हे ठरविण्याची कसोटी आपल्या वाचकांस पटण्याजोगी आहे. वर्षातील अगदी कोरड्या दिवसांत पाणी तपासावयाचे. हजार भाग पाण्यात पाच भाग मीठ जेथवर सापडेल तेथवर हा कायदा चालतो. ज्यांच्या विहिरीचे पाणी जिभेस लागताच तोंड वाकडे होते, त्या खारपाणपट्ट्यातील कास्तकारास मिठाच्या मोजमापाची ही भाषा कोणी शिकवावयास नको.

आता परवाना कोणी द्यावयाचा, हा मुख्य मुद्दा. नियम केंद्राचा, परंतु प्रत्येक प्रांतात त्यासाठी एक प्राधिकरण नेमलेले असते. महाराष्ट्रात त्यास महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण म्हणतात. मोठ्या कामाचा अर्ज त्याच्यापुढे जातो. पहिल्या व चौथ्या वर्गातील काम असल्यास त्याची शिफारस घेऊन पुढे दिल्लीस जावे लागते. २०१९ च्या अधिसूचनेत स्वतःच्या राहण्याच्या ३०० चौरस मीटरपर्यंतच्या घरास प्राधिकरणाची शिफारस न घेता स्थानिक संस्थेने मंजुरी द्यावी अशी मोकळीक आहे. तात्पर्य, कायदा दिल्लीचा, शिफारस मुंबईची, आणि वीट मात्र गावात रचली जाते. ती वीट रचताना पाहणारे डोळे ग्रामपंचायतीचे, पटवाऱ्याचे आणि तहसीलदाराचे असतात. गृहनिर्माणाची परवानगी ग्रामपंचायतीची, अकृषिक आकारणी महसूल खात्याची, नगररचनेचा नकाशा तिसऱ्याचा; आणि यांपैकी प्रत्येकजण आपला कागद तेवढा पाहतो. अर्जदार गावचा वजनदार मनुष्य असला म्हणजे हे कागद एकमेकांस भेटतच नाहीत.

प्रारंभीची काही वर्षे तर कायदा केवळ छापील राहिला. अधिसूचनेने प्रत्येक प्रांतास एका वर्षात आपल्या किनाऱ्याचा नकाशा व आराखडा तयार करण्यास सांगितले होते. पाच वर्षे लोटली तरी हे काम पुरे झाले नव्हते. अखेरीस एका पर्यावरणवादी संस्थेने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली व १९९६ च्या एप्रिलात न्यायालयाने प्रांतांस खडसावून आराखडे सादर करण्यास भाग पाडले. नुसता कायदा करून तो न पाळला गेल्यास तो नसलेलाच बरा, अशा आशयाची नाराजी त्या निकालात दिसते. प्राधिकरणे नेमली गेली ती त्यानंतर, १९९८ च्या नोव्हेंबरात. म्हणजे सात वर्षे नियम होता, पण नियम चालविणारे खाते नव्हते. या सात वर्षांत जी बांधकामे उठली त्यांची भांडणे पुढे कित्येक वर्षे कोर्टांत रेंगाळली, यात नवल कसले?

त्याच १९९६ च्या डिसेंबरात लागलेला दुसरा एक निकाल शेतकऱ्यांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. तमिळनाडूत तंजावरच्या बाजूस, जेथे पिढ्यान्‌पिढ्या धानाची शेती होत आली, तेथे व्यापारी कंपन्यांनी किनाऱ्यालगतच्या जमिनी घेऊन कोळंबीची तळी खोदली. तळ्यांत समुद्राचे खारे पाणी भरावयाचे, औषधे घालावयाची आणि माल परदेशी पाठवावयाचा. तळ्यांचे पाणी झिरपून शेजारच्या धानाच्या शेतांत उतरले, विहिरी खारट झाल्या. सर्वोदयी कार्यकर्ते एस. जगन्नाथन यांनी हे गाऱ्हाणे सर्वोच्च न्यायालयापुढे नेले. न्यायालयाने पाहणीचे काम आपल्या नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडे, म्हणजे ‘नीरी’कडे सोपविले. तिच्या शास्त्रज्ञांनी किनारा पाहून असा अहवाल दिला की, कोळंबीपासून होणाऱ्या प्राप्तीपेक्षा जमीन, पाणी व लोकांचे पोट यांची हानी अधिक आहे. न्यायालयाने ११ डिसेंबर १९९६ रोजी, परंपरागत पद्धतीची तळी वगळून, नियमन क्षेत्रातील बाकीची तळी ३१ मार्च १९९७ पूर्वी काढून टाकण्याचा हुकूम केला. पुढे फेरविचाराच्या अर्जांवर हे काम थांबले आणि २००५ साली संसदेने किनारी मत्स्यशेतीसाठी निराळा कायदा करून परवान्याची निराळी व्यवस्था लावून दिली. तंजावरच्या शेतकऱ्याची जी हानी झाली तिचे स्वरूप दर्यापूर, भातकुली किंवा मूर्तिजापूरच्या कास्तकारास समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्याकडे सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरांचा खारपाणपट्टा निसर्गाने दिला. तेथे तो शेजाऱ्याच्या नफ्यासाठी माणसाने निर्माण केला, आणि गावच्या अधिकाऱ्यांनी तो होऊ दिला.

परवाना देणाऱ्याने वरच्या अधिकाऱ्यास न विचारता परवाना दिला तर परिणाम कोणाच्या माथी येतो, याचे उदाहरण केरळातील मरडू गावाचे आहे. कोचीजवळच्या या पंचायतीने २००६ साली खाडीकाठी मोठमोठ्या निवासी इमारतींस परवाने दिले. किनारा प्राधिकरणाची संमती घेतली नाही. पुढे राज्य सरकारने हे परवाने रद्द करण्यास सांगितले, तेव्हा बांधणारे उच्च न्यायालयात गेले व स्थगिती मिळवून बांधकाम पुरे करून बसले. लोकांनी घरे विकत घेतली, संसार थाटले. ८ मे २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इमारती पाडण्याचा हुकूम दिला आणि ११ व १२ जानेवारी २०२० या दोन दिवसांत चार संकुले सुरुंग लावून जमीनदोस्त करण्यात आली. त्यांत तीनशेहून अधिक घरे होती. न्यायालयाने घरमालकांस तूर्त पंचवीस-पंचवीस लाख रुपये देवविले हे खरे. पण ज्याने आयुष्याची पुंजी घातली त्याचा तोटा त्याने भरून निघतो काय? आणि पंचायतीने दिलेला परवाना त्या बिचाऱ्यांच्या हातात शेवटपर्यंत होता. नुसत्या शिक्क्यावर विश्वास ठेवण्याचा आपल्या लोकांचा जो स्वभाव आहे, त्यास हे उदाहरण पुरेसे बोलके आहे.

आपल्या महाराष्ट्रातही असे एक पाडकाम बरेच गाजले. अलिबागजवळ किहीम येथे एका पळून गेलेल्या हिरे व्यापाऱ्याचा प्रशस्त बंगला होता. मुंबई उच्च न्यायालयात जनहिताची फिर्याद चालू असताना रायगडच्या महसूल खात्याने तो पाडण्यास घेतला. पण बांधणी इतकी भक्कम की यंत्रांनी दाद लागेना. शेवटी ८ मार्च २०१९ रोजी स्फोटकांनी तो उडवावा लागला. लोकांनी त्या दिवशी टाळ्या वाजविल्या. आम्हांस मात्र राहून राहून असे वाटते की, ज्या भिंतींस पाडताना सुरुंग लागतो, त्या भिंती एका रात्रीत उभ्या राहत नाहीत. पाया खणला जात असताना कोणी अटकाव केला असता तर एका नोटिशीत काम भागले असते.

शिक्षेविषयीही दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. १९८६ च्या कायद्यान्वये नियमभंगास पाच वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद होती. ‘जन विश्वास’ या नावाच्या २०२३ च्या कायद्याने हे कलम बदलले व १ एप्रिल २०२४ पासून कैदेच्या जागी दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंतचा द्रव्यदंड आला. खटले वर्षानुवर्षे पडून राहण्यापेक्षा दंड वसूल झालेला बरा, असे याचे समर्थन करण्यात येते, व त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु किनाऱ्यावर विश्रामगृह बांधणारा धनिक हा दंड बांधकामाच्या खर्चातच धरून चालेल अशी आम्हांस भीती वाटते. त्यास खरा धाक पाडकामाचाच. गरीब कोळ्याने पडवी वाढविली तर त्यास मात्र दहा हजारही जड जातात. शिवाय सरकारची स्वतःची कामे पाहिली म्हणजे लोकांचा गोंधळ होतो. मुंबईच्या सागरी रस्त्यास दिलेली किनारा-मंजुरी उच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्या निकालास स्थगिती दिली, आणि मार्च २०२४ मध्ये त्या रस्त्याचा पहिला भाग रहदारीस खुला झाला. रस्त्याची उपयुक्तता हा निराळा विषय. पण एकास नोटीस व दुसऱ्यास मंजुरी का, हे खेड्यातील मनुष्यास कोणी समजावून सांगितले नाही म्हणजे कायद्यावरचा त्याचा विश्वास उडतो.

कोकणातील शेतकऱ्याची एक अडचण येथे नमूद न केल्यास त्याच्यावर अन्याय होईल. पेण, अलिबाग या बाजूस खाडीकाठी बांध घालून समुद्राकडून मिळविलेली भातशेती आहे. तीस खारभूमी किंवा खारशेती म्हणतात. बांध शाबूत तोवर शेती शाबूत. १९४८ व त्यानंतर १९७९ साली या बांधांसाठी स्वतंत्र कायदे झाले व देखभालीची जबाबदारी बहुतांशी सरकारी खात्याकडे गेली. पूर्वी गावकरी अंगमेहनतीने बांध राखीत. आता मंजुरी व निधी यांची वाट पाहावी लागते. दरम्यान बांधास खांड पडली म्हणजे खारे पाणी शेतात शिरते, आणि दोन-चार वर्षे पाणी राहिले की तेथे कांदळ आपोआप रुजतो. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने राज्यभर कांदळवन तोडण्यास बंदी केली असून त्याभोवतीच्या ५० मीटरांत बांधकामही वर्ज्य ठरविले आहे. कांदळवन हे किनाऱ्याचे कुंपण आहे, वादळाचा मार तेच प्रथम सोसते, माशांची पैदास त्याच्याच मुळांत होते. तेव्हा त्याच्या रक्षणाबद्दल आमचे दुमत नाही. पण ज्याच्या सातबाऱ्यावर भाताचे शेत आहे आणि ज्याचे शेत सरकारी बांध वेळेवर न दुरुस्त झाल्यामुळे बुडाले, त्याने आता शेत परत कसे मिळवावे? आमच्या मते बांध तुटल्याची तारीख पंचनाम्याने ताबडतोब लिहून ठेवणे हाच त्याच्यापुढे व्यवहार्य उपाय आहे. शेत आधी की कांदळ आधी, हा वाद पुढे त्याच कागदावर तुटेल.

अंमलबजावणी निराळ्या रीतीने कशी करता येते याचे एक उदाहरण अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांताचे आहे. तेथे १९७२ साली जनतेच्या कौलाने किनारा आयोग स्थापन झाला व १९७६ साली कायमचा कायदा झाला. प्रत्येक किनारी जिल्ह्याने व शहराने आपला आराखडा स्वतः करावा, आयोगाने तो तपासून प्रमाणित करावा, आणि मग परवाने त्या शहरानेच द्यावेत अशी तेथील रीत आहे. शहराने चूक केली तर ठराविक बाबतींत आयोगाकडे अपील चालते. समुद्रावर जाण्याची सार्वजनिक वाट जो अडवील त्यास कोर्टात न जाता दिवसाच्या हिशेबाने दंड करण्याचा अधिकार २०१४ पासून आयोगास मिळाला. आणि दंड न भरल्यास तो त्या मिळकतीवर चढविता येतो, जसा आपल्या सातबाऱ्यावर सोसायटीच्या कर्जाचा बोजा चढतो. बोजा चढला की खरेदीदार मिळत नाही, हे कोणास सांगावयास हवे काय? आपल्याकडे २०११ च्या अधिसूचनेने जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली जिल्हा समिती नेमून तीत कोळी इत्यादी स्थानिक समाजांचे किमान तीन प्रतिनिधी घ्यावेत असे ठरविले, ही गोष्ट योग्य दिशेची होती. मात्र नुसते सभासद नेमून भागत नाही. समितीजवळ गावचा नकाशा, जाण्या-येण्याची सोय आणि नोटीस काढण्याचा अधिकार नसेल तर सभा भरते आणि चहा होऊन उठते.

कोकणात जमीन घेऊ पाहणाऱ्या आमच्या कास्तकार बंधूंस येथे एवढेच सांगतो की, खरेदीखत नोंदले गेले म्हणजे बांधकामाची परवानगी मिळाली असे समजू नये. दुय्यम निबंधक भरतीची रेषा पाहत नाही. अकृषिक हुकूम असला तरी तो किनारा-परवाना होत नाही. किनारा आराखड्याचे नकाशे गट नंबर दिसतील एवढ्या मोठ्या प्रमाणावरही काढलेले असतात. त्यांवर आपला गट कोणत्या वर्गात येतो, रेषेपासून किती मीटर आत येतो, हे विसार देण्यापूर्वी स्वतः पाहावे. दलालाने दाखविलेल्या प्रतीवर भरवसा ठेवू नये.

आता घरची गोष्ट. समुद्राला जशी भरतीची रेषा, तशा नद्यांना पूररेषा. पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराचे पाणी जेथवर पोहोचते ती निळी रेषा, आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या महापुराची ती लाल रेषा. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध. तेथे शेती, बाग, मैदान चालते, इमारत चालत नाही. निळ्या व लाल रेषांमधील पट्टा नियंत्रित. तेथे जोते लाल रेषेच्या पातळीहून उंच घेणे इत्यादी अटींवर बांधकाम होऊ शकते. पाटबंधारे खात्याने १९८९ सालीच याविषयी परिपत्रक काढले आहे. रेषा आखावयाची पाटबंधारे खात्याने, नकाशावर घ्यावयाची नगररचनेने आणि पाळावयाची महानगरपालिकेने, नगरपरिषदेने किंवा ग्रामपंचायतीने. वाचकांच्या ध्यानात आलेच असेल की ही वाटणी किनाऱ्याच्या वाटणीची हुबेहूब प्रत आहे, आणि तिचे दोषही तेच आहेत.

२०२१ च्या जुलैत एका रात्रीच्या पावसाने अकोल्यात मोर्णेचे पाणी वस्त्यांत शिरले. नदीकाठचे वावर पिकास कमी पडते म्हणून ते ले-आउटवाल्यास देऊन टाकण्याचा मोह आजकाल सर्वत्र दिसतो, व एकरी मिळणारी रक्कम पाहता त्या मोहास नावे ठेवणे सोपे नाही. परंतु काठावर भराव पडला म्हणजे पुराचे पाणी नाहीसे होत नाही. ते समोरच्या काठावर किंवा वरच्या अंगाच्या शेजाऱ्याच्या वावरात चढते. धुऱ्यावरून दोन पिढ्या भांडणारे आपण, शेजाऱ्याच्या भरावाने आपल्या कपाशीत कमरेइतके पाणी उभे राहते तेव्हा मात्र ‘नदीची मर्जी’ म्हणून स्वस्थ बसतो, हे चमत्कारिक आहे. भराव पडताना तक्रार केली तर तहसीलदारास काही करता येते. त्यावर प्लॉट पडून घरे उभी राहिली की मरडूचाच प्रकार, आणि तेव्हा त्या घरांत राहणाऱ्या गरिबांविरुद्ध बोलण्यास आपलीही जीभ धजत नाही.

गावच्या ई-क्लास जमिनीचीही हीच कथा. वऱ्हाडच्या जुन्या जमाबंदीत गुरांच्या चराईसाठी राखलेल्या या जमिनी हळूहळू वेढल्या गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये पंजाबातील एका प्रकरणात गावच्या सार्वजनिक जमिनीवरील अतिक्रमणे दूर करण्याचा आदेश सर्व राज्यांस दिला व महाराष्ट्र सरकारने त्याच वर्षी जुलैत त्याप्रमाणे निर्णय काढला. तरी कोणत्या गावात किती जागा मोकळी झाली हे ज्याने त्याने आपल्या शिवारात फिरून पाहावे. अतिक्रमण करणारांत केवळ भूमिहीनच असतात असे समजण्याचे कारण नाही. धुरा सरकवून ई-क्लासात दोन तास वाढविणारे आपल्यातही आहेत, आणि पंचायतीवर निवडूनही तेच येतात. नोटीस कोणी कोणास काढावी?

आमची सूचना एवढीच की, नदीकाठी ज्यांची वावरे आहेत त्यांनी पावसाळ्यापूर्वी आपल्या गटाची पूररेषा कोठून जाते हे विचारून घ्यावे. शहराच्या हद्दीत महानगरपालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या नगररचना शाखेत आणि इतरत्र पाटबंधारे खात्याच्या विभागीय कचेरीत अर्ज द्यावा. अर्ज लेखी असावा. गावाचे व तालुक्याचे नाव, गट नंबर, नदीचे नाव व कोणता काठ हे त्यात लिहावे, आणि दिल्याची पोच घ्यावी. रेषा अद्याप आखलेली नाही असे उत्तर आले तर तेही लेखी मागावे, कारण शेजारी भराव पडू लागल्यास त्याच कागदाचा उपयोग होतो. उत्तरच न आल्यास २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली तीच मागणी पुन्हा करावी. तीस दिवसांची मुदत आहे, व त्यातही दाद न लागल्यास त्याच कचेरीतील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिले अपील चालते.